विश्लेषण : पहिलीला किती भाषा, आठवीला काय? ६० वर्षांपूर्वी उत्तर लिहिणारे जे. पी. नाईक कोण होते?

पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मात्र कोणत्या वयाच्या मुलाने काय शिकावे, याचा इयत्तानिहाय हिशेब १९६६ मध्येच मांडला गेला होता. तो मांडणाऱ्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले जे. पी. नाईक.

राज्य सरकारने १६ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या शासन निर्णयात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठेवली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यावरही टीका झाली आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करण्यात आले. तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून असावी, हे ठरवण्यासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले.

तारखेचा एक योगायोग आहे. २९ जून १९६६ रोजीच डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने आपला अहवाल केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांना सादर केला होता. तिसरी भाषा कधी सुरू करावी, या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात होते. केवळ भाषेचेच नव्हे, तर गणित, विज्ञान आणि हाताने करण्याच्या कामाचेही होते.

मुळशीतील शाळेशी नाईक यांचा संबंध काय?

मुळशी धरणाकडून पुण्याला येताना पौड, पिरंगुट, भूकुम, भूगाव अशी गावे लागतात. चांदणी चौक ओलांडला की कोथरूड. तेथे कर्वे रस्त्याजवळ जे. पी. नाईक पथ आहे. नाईक यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था याच पथावर आहे. या रस्त्याने रोज जाणाऱ्या अनेकांना हे नाईक कोण, हे ठाऊक नसते.

मात्र मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्या आयोगाचे शब्द ठाऊक असतात. वेळापत्रकातला कार्यानुभवाचा तास, प्राथमिक वर्गातला परिसर अभ्यास, दहावीची पहिली मोठी परीक्षा आणि त्यानंतरची अकरावी-बारावी, या सगळ्यामागे आयोगाने सुचवलेली रचना आहे.

हाच तालुका आयोगापुढचा जुना प्रश्नही दाखवतो. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आणि त्याभोवती वाढलेल्या खासगी शाळा आहेत. दुसऱ्या टोकाला धरणाच्या फुगवट्यालगतच्या आणि ताम्हिणीच्या डोंगरातल्या वाड्या, कातकरी वस्त्या आणि त्यांतील लहान शाळा आहेत. या दोन्ही ठिकाणच्या सहा वर्षांच्या मुलांनी काय शिकावे, आणि ते सारखे असावे का?

कोण होते जे. पी. नाईक?

नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडी येथे झाला. पुढे हीच तारीख डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिनामुळे शिक्षक दिन म्हणून साजरी होऊ लागली. नाईक यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतले आणि तेच कायम राहिले.

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते सामील झाले आणि तुरुंगात गेले. सुटकेनंतर त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून ग्रामसुधारणेचे काम केले. शाळा ही गावाच्या आरोग्यापासून, शेतीपासून आणि मजुरीपासून वेगळी काढून पाहता येत नाही, ही त्यांची पुढच्या आयुष्यातली भूमिका अशा खेड्यांतल्या कामाशी जोडलेली होती.

चाळीसच्या दशकात त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारची कामे केली. सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला. कोल्हापूर संस्थानात त्यांनी विकासकामांची जबाबदारी सांभाळली. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता. ग्रामीण मुलांना गावातच शिक्षण मिळावे आणि त्या शिक्षणाचा गावाला उपयोग व्हावा, हा त्यामागचा विचार होता.

१९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणाच्या प्रश्नांवर संशोधन करणारी ही संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली. १९५९ पासून ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार होते. त्यासाठी ते महिना एक रुपया असे नाममात्र मानधन घेत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

कोठारी आयोग कशासाठी नेमला होता?

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. १९६० मध्ये ती संपली तेव्हा उद्दिष्ट बरेच दूर होते. त्यातच प्रत्येक राज्याची शालेय रचना वेगळी. कुठे दहावीला मॅट्रिक, कुठे अकरावीला. महाराष्ट्रात अकरावीला एसएससी होती.

अशा स्थितीत १९६४ मध्ये आयोग नेमला गेला आणि २ ऑक्टोबरपासून त्याचे काम सुरू झाले. अध्यक्ष कोठारी हे भौतिकशास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. सदस्य-सचिवपद नाईक यांच्याकडे आले. देशातल्या तज्ज्ञांबरोबर परदेशी तज्ज्ञही सदस्य होते. १२ कार्यदले आणि ७ अभ्यासगट नेमून, राज्याराज्यांत फिरून आणि हजारो लोकांशी बोलून २१ महिन्यांत अहवाल तयार झाला. त्याच्या लेखनाचा मोठा भार नाईक यांनी उचलला.

याआधीच्या आयोगांनी एकेका पातळीचा विचार केला होता. विद्यापीठांसाठी एक आयोग, माध्यमिक शाळांसाठी दुसरा. बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतचा विचार एकत्र करणारा स्वतंत्र भारतातील हा पहिलाच आयोग होता. त्यामुळे एका टप्प्यावर शिकलेले पुढच्या टप्प्यावर कसे उपयोगी पडेल, हे त्याला पाहता आले.

कोणत्या टप्प्यावर काय शिकायचे?

आयोगाची मांडणी थोडक्यात अशी होती.

• पूर्वप्राथमिक : एक ते तीन वर्षे. पहिलीत प्रवेशाचे वय साधारणपणे सहा वर्षांपेक्षा कमी नसावे.

• निम्न प्राथमिक (पहिली ते चौथी) : एकच भाषा, म्हणजे मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा. गणित, परिसराचा अभ्यास, सर्जनशील उपक्रम, कार्यानुभव व समाजसेवा आणि आरोग्य शिक्षण.

• उच्च प्राथमिक (पाचवी ते सातवी) : दोन भाषा. पहिली मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, दुसरी हिंदी किंवा इंग्रजी. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण, नैतिक मूल्यांचे शिक्षण.

• निम्न माध्यमिक (आठवी ते दहावी) : तीन भाषा. गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण, मूल्यशिक्षण.

• उच्च माध्यमिक (अकरावी-बारावी) : पुन्हा दोनच भाषा, निवडीचे तीन विषय आणि सोबत कार्यानुभव, कला, शारीरिक शिक्षण. बारावीनंतर पदवीची तीन वर्षे.

यातील दोन गोष्टी त्या काळी मोठ्या होत्या. पहिली म्हणजे दहावीपर्यंत सर्वांना गणित आणि विज्ञान सक्तीचे. तोवर अनेक ठिकाणी मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेऊन पुढे जाता येत असे. मुलगा आणि मुलगी म्हणून अभ्यासक्रम वेगळा नको, ही हंसा मेहता समितीची शिफारस आयोगाने उचलून धरली.

दुसरी गोष्ट म्हणजे शाखा निवडण्याचा क्षण पुढे ढकलणे. कला, वाणिज्य, विज्ञान ही विभागणी दहावीनंतरच व्हावी, असे आयोगाने सुचवले. १३-१४ वर्षांच्या मुलाचे आयुष्य एका कप्प्यात बंद करू नये, हा त्यामागचा हेतू होता.

पहिली ते चौथी एकच भाषा का?

२०२५ च्या वादात सर्वाधिक चर्चा झालेला मुद्दा हाच. आयोगाचे कारण भाषाप्रेमाइतकेच व्यवहाराचे होते. पहिल्या चार वर्षांत मुलाला वाचणे, लिहिणे आणि मोजणे पक्के आले पाहिजे. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतर कापण्यातच अनेक मुलांचा वेळ जातो. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या लिपीची भर पडली, तर एकही भाषा धड येत नाही.

दुसरे कारण शिक्षकांचे. परकी भाषा चांगली शिकवण्यासाठी ती चांगली येणारा शिक्षक लागतो. लाखो प्राथमिक शाळांत असे शिक्षक एकदम मिळणार नव्हते. अर्धवट शिकवण्यापेक्षा उशिरा, पण नीट शिकवणे आयोगाला योग्य वाटले. म्हणून इंग्रजी सर्वसाधारणपणे पाचवीच्या आधी सुरू करू नये, असे त्याने सांगितले. मात्र रोमन अक्षरांची ओळख चौथीत करून द्यावी, असेही सुचवले. नकाशे, मोजमापे आणि विज्ञानातल्या जागतिक चिन्हांसाठी ती लागतील, हा त्यामागचा विचार.

पहिली आणि दुसरी हा एकच सलग गट मानावा, ही शिफारसही महत्त्वाची होती. सगळी मुले एकाच गतीने वाचायला शिकत नाहीत. त्यामुळे पहिलीतच नापास करून त्यांना शाळेबाहेर ढकलू नये, असा त्याचा अर्थ.

पुढे १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्रिभाषा सूत्र स्वीकारले, तेही माध्यमिक टप्प्यासाठी. महाराष्ट्रात मराठी शाळांत हिंदी बराच काळ पाचवीपासून होती. इंग्रजीही पाचवीपासूनच होती. २००० मध्ये ती पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे मुळशीतल्या जिल्हा परिषद शाळेतले मूल गेली २५ वर्षे पहिल्या दिवसापासून दोन भाषा शिकत आहे. आयोगाच्या हिशेबात दुसरी भाषा पाचवीला आणि तिसरी आठवीला येणार होती.

कार्यानुभव म्हणजे नेमके काय अपेक्षित होते?

बहुतेकांच्या आठवणीत कार्यानुभव म्हणजे कागदाची फुले, शुभेच्छापत्रे किंवा गणिताच्या सरांनी अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी घेतलेला तास. आयोगाची कल्पना वेगळी होती.

पहिल्या टप्प्यात साधे हस्तकाम. पाचवी ते सातवीत एखादे कौशल्य. आठवीनंतर शाळेच्या कार्यशाळेतले काम आणि अकरावी-बारावीत शेत, कारखाना किंवा व्यापारी पेढीवरचा प्रत्यक्ष अनुभव. ग्रामीण शाळेत विज्ञान शेतीशी जोडावे आणि शहरी शाळेत तंत्रज्ञानाशी, असेही सुचवले होते. मुळशीच्या संदर्भात सांगायचे तर भातशेती करणाऱ्या घरातल्या मुलाला वनस्पतींचा धडा खाचरातून शिकता यावा आणि पिरंगुटच्या कारखान्यांजवळच्या मुलाला यंत्राचा धडा यंत्रासमोर.

महात्मा गांधींच्या नई तालीममधला हस्तोद्योग यात होता, पण त्याला आधुनिक विज्ञानाची जोड दिली होती. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा अशी समाजाची फाळणी शाळेतच थांबावी, हा उद्देश होता. मात्र त्यासाठी लागणाऱ्या कार्यशाळा, साहित्य आणि प्रशिक्षित शिक्षक बहुतांश शाळांना मिळाले नाहीत. वेळापत्रकात तास राहिला, काम गेले.

काय अमलात आले, काय राहिले?

१०+२+३ ही रचना देशाने स्वीकारली. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रानेही अकरावीची एसएससी सोडून दहावी-बारावीचा आकृतिबंध घेतला. गणित-विज्ञान सर्वांसाठी झाले.

मागे पडली ती परिसर शाळेची कल्पना. आयोगाने सुचवले होते, की एका वस्तीतल्या सर्व मुलांनी, घरची जात, पैसा, धर्म काहीही असो, जवळच्याच सार्वजनिक शाळेत जावे. श्रीमंत आणि प्रभावशाली पालकांची मुले त्याच शाळेत असतील, तर ती शाळा सुधारण्यासाठी तेच आग्रह धरतील, हा त्यामागचा सरळ तर्क होता. ही शिफारस धोरणाच्या भाषेत राहिली, व्यवहारात आली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, हे उद्दिष्टही तसेच राहिले.

नाईक यांनी ही फसगत लपवली नाही. सरकारी समितीत काम केलेली माणसे सहसा आपल्या अहवालाचे समर्थन करतात. नाईक यांनी स्वतःच त्याचा ताळेबंद मांडणारे पुस्तक लिहिले. ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ हे ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या शिफारशी स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या, कोणत्या केवळ कागदावर राहिल्या आणि आयोगाचे स्वतःचे कुठे चुकले, याचा हिशेब त्यात आहे.

त्याआधी १९७५ मध्ये त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या शिक्षणातल्या त्रिकोणावर पुस्तक लिहिले होते. शाळांची संख्या वाढवली की दर्जाची ओरड होते. दर्जावर भर दिला की तो मूठभरांनाच मिळतो. तिन्ही बाजू एकत्र सांभाळणे हेच भारतीय शिक्षणाचे अवघड गणित असल्याचे त्यांचे म्हणणे होते. हिंजवडी आणि धरणापलीकडची वाडी एकाच तालुक्यात असलेल्या मुळशीत हा त्रिकोण आजही दिसतो.

शाळा सुटलेल्या मुलांचे काय?

टप्प्यांचा अभ्यासक्रम कितीही चांगला आखला, तरी तो शाळेत टिकलेल्या मुलासाठीच असतो. नाईक यांच्या उत्तरायुष्यातले काम या मुद्द्याभोवती फिरते.

आपल्या शाळांच्या रचनेत त्यांना तीन दोष दिसत होते. मूल सहाव्या वर्षीच पहिलीत आले पाहिजे, दरवर्षी एक इयत्ता या क्रमानेच पुढे गेले पाहिजे आणि दिवसभर शाळेत बसले पाहिजे. ज्या घरात मूल गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा आईवडिलांसोबत मजुरीला जाते, त्याला या तिन्ही अटी पाळता येत नाहीत. मग ते एकदा बाहेर पडले की कायमचे बाहेर. नवव्या किंवा अकराव्या वर्षीही मुलाला शाळेत येता आले पाहिजे आणि दिवसभर जमत नसेल तर काही तास शिकता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९६९ मध्ये ते भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दिल्लीतले काम आटोपल्यावर ते पुण्यात परतले. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनी राज्याच्या शिक्षण संचालक म्हणून काम केले होते. भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. दिवसभराचे काम आटोपून कंदिलाच्या उजेडात भरणाऱ्या या वर्गांत मुलींची संख्या मोठी होती. गावातलेच कुणी तरी शिकवत असे. परीक्षेच्या धास्तीऐवजी बालजत्रा भरवून मुलांना काय आले हे पाहिले जाई.

३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईक यांचे निधन झाले. वर्गांचे काम पुढे चित्रा नाईक यांनी वाढवले. नव्वदच्या दशकात त्या नियोजन आयोगाच्या सदस्य होत्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या पालकांसाठी याचा अर्थ काय?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने १०+२ च्या जागी ५+३+३+४ अशी विभागणी आणली आहे. तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा. त्यात बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र येतात. पुढे तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी असे टप्पे. पहिली-दुसरी हा एक सलग गट ही कल्पना आयोगाच्या अहवालात होती. शाळेतून व्यवसायाची ओळख करून देण्याचा नव्या धोरणातला भाग कार्यानुभवाची आठवण करून देतो. महाराष्ट्राने २०२५-२६ पासून पहिलीला या धोरणानुसार सुरुवात केली आहे.

नाईक यांच्या आग्रहातील एक गोष्ट मात्र थेट कायद्यात आली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, सहा वर्षांवरील जे मूल कधीच शाळेत गेले नाही किंवा ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला त्याच्या वयाला योग्य अशा इयत्तेत थेट प्रवेश मिळतो. मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही त्याला हक्क आहे. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबातले दहा वर्षांचे मूल मुळशीतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या दारात आले, तर त्याला पहिलीत बसवता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही. प्रवेशासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नसल्याचे कारणही चालत नाही.